मस्कारा संपल्यावर त्याचा ब्रश धुऊन आयब्रोला वापरला तर चालेल का? की वेगळाच घ्यावा लागतो?

चालतो की. फक्त नीट धुतलेला पाहिजे आणि एकदा भुवयांसाठी काढला की परत कुठल्याच मस्काराच्या बाटलीत घालायचा नाही. मी लग्नाचे मेकअप करते, आम्ही त्या गोल ब्रशला स्पूली म्हणतो, तारेला पीळ देऊन त्यात नायलॉनचे केस अडकवलेले असतात, मस्काराचा ब्रशही बऱ्याचदा तसाच असतो. वॉटरप्रूफ मस्कारा असेल तर नुसत्या पाण्याने निघणार नाही, आधी थोडं खोबरेल तेल लावून टिश्यूवर फिरवा, मग कोमट पाण्यात बेबी शाम्पू घालून धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

भुवयांना आधी कोरडाच फिरवा, केस वर विंचरले की कुठे विरळ आहे ते लगेच दिसतं, तेवढ्याच जागी पेन्सिल लावायची आणि परत ब्रश फिरवायचा, मग ती कोरल्यासारखी रेघ दिसत नाही. माझ्या मते महागड्या पेन्सिलीपेक्षा हा दुसरा हात जास्त महत्त्वाचा. पापण्यांनाही अशी कोरडी स्पूली जवळ ठेवा, मस्कारा ओला असतानाच फिरवली की गुठळ्या सुटतात. आणि बाटलीत ब्रश खालीवर पंप करू नका प्लीज, आत हवा जाते आणि मस्कारा लवकर सुकतो, त्यापेक्षा आतल्या आत गोल फिरवून काढा.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण सांगायलाच पाहिजे. लग्नघरात नवरी, करवली, मावशी, आत्या सगळ्यांना एकाच कांडीने मस्कारा लावतात, हे मला अजिबात पटत नाही. एकीचे डोळे आलेले असतील किंवा रांजणवाडी असेल तर तेच बाटलीत जातं आणि तिथून पुढच्या डोळ्याला. पूर्वी मस्काराची वडी यायची, मेबेलिनची 1917 ची तशीच होती, ब्रश ओला करून त्यावर घासायचा आणि बायका सर्रास थुंकी लावायच्या, आज ते ऐकून आपल्याला कसंतरी होतं मग सामायिक कांडी कशी चालते? डिस्पोझेबल कांड्या पाकिटाने मिळतात, स्वस्त असतात, एकदा बुडवलेली परत बुडवायची नाही, दुसऱ्या कोटला नवीन. पार्लरमध्ये बिनधास्त मागा, कोणी नाक मुरडलं तर तुमचा स्वतःचा मस्कारा घेऊन जा.

घरातला मस्काराही तीनेक महिन्यांनी बदला, वास बदलला तर त्याआधीच, आणि डोळे येऊन गेले असतील तर उरलेला सरळ टाकून द्या, कितीही महागाचा असला तरी. लेन्स लावत असाल तर आधी हात धुऊन लेन्स, मग मस्कारा.