वडिलांचे जुने कर्ज आणि न सापडणारे खाते

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९८७ साली साखळी येथील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतून कुळागरात पंप बसवण्यासाठी ८,००० रुपयांचे कर्ज घेतले होते. ते १९९६ साली वारले. घराची डागडुजी करताना पेटाऱ्यात कर्जाचे मंजुरीपत्र आणि १९९१ पर्यंत भरलेल्या एकूण ३,४०० रुपयांच्या पावत्या मिळाल्या. मंजुरीपत्रात पंपाचे नजरगहाण (पंप आमच्याच ताब्यात ठेवून दिलेले तारण) आणि दोन जामीनदार यांचा उल्लेख आहे. मात्र जमिनीचे कागदही बँकेत दिले होते, असे थोरल्या भावाला पुसटसे आठवते. ती बँक पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झाली. नव्या शाखेत दोनदा गेलो, पण ‘या क्रमांकाचे खातेच नाही’ असे सांगून परत पाठवले. आई आता थकली आहे आणि बाबांचे देणे डोक्यावर ठेवून जायचे नाही, असे ती सतत म्हणते. शिवाय आम्हा भावंडांना मालमत्तेची वाटणी करायची आहे. ‘वडिलांचे कर्ज मी व्याजासह फेडीन’ असे पत्र मी लिहून ठेवले आहे. ते शाखेत देऊन पावती घ्यावी का?
— एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर : ते पत्र अजून देऊ नका. आपला हेतू चांगला आहे, परंतु त्या एका वाक्याने काय घडू शकते हे पाहिल्याशिवाय त्यावर सही करणे योग्य नाही. त्याकडे थोड्या वेळाने येतो; आधी खाते का सापडत नाही ते पाहू.

१९८७ साली कर्जखाते म्हणजे जाड बांधणीच्या लेजरातील एक पान असे आणि आपल्या मंजुरीपत्रावरील क्रमांक बहुधा त्या पानाचाच असणार. पुढे शाखा संगणकावर आल्या आणि नंतर सर्व शाखा एका मध्यवर्ती प्रणालीला जोडल्या गेल्या, तेव्हा चालू असलेली खाती नव्या लांबलचक क्रमांकांनी आत गेली. बंद झालेली आणि बुडीत म्हणून निर्लेखित केलेली खाती पुष्कळ ठिकाणी जुन्या वह्यांतच राहिली. त्यानंतर विलीनीकरणे झाली. २०१९ साली विजया आणि देना बँक बडोदा बँकेत गेल्या, तर २०२० साली सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली. अशा प्रत्येक वेळी काही क्रमांक बदलले आणि काही शाखाही एकमेकींत मिसळल्या. म्हणून काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने जुना क्रमांक संगणकात टाकून ‘नाही’ म्हटले, तर त्याचा अर्थ तो क्रमांक त्या यंत्रात नाही, एवढाच होतो. कर्ज फिटले किंवा कर्ज नव्हतेच, असा अर्थ त्यातून निघत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, बँकांनी कागदपत्रे किती काळ जपावीत याचे १९८५ चे नियम आहेत आणि त्यांनुसार काही नोंदवह्या पाच वर्षे तर काही आठ वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. त्यापुढे त्या नष्ट केल्या असतील, तर बँकेने काही गैर केले असे म्हणता येणार नाही.

खाते न सापडण्यामागे एक चांगले कारणही असू शकते, जे आपल्या पत्रात कोठेच आलेले नाही. १९९० साली केंद्र सरकारने कृषी व ग्रामीण कर्जमाफी योजना आणली होती आणि पात्र कर्जदारांची १०,००० रुपयांपर्यंतची थकबाकी माफ झाली होती. आपल्या वडिलांचे कर्ज शेतीचे आणि मूळ ८,००० रुपयांचेच होते. ते त्या योजनेत बसले असेल तर खाते तेव्हाच संपलेले असेल. पावत्या १९९१ पर्यंतच्या असल्याने माफी पूर्ण मिळाली, अंशतः मिळाली की मिळालीच नाही, हे केवळ त्यांवरून ठरवता येत नाही. बँकेला हा प्रश्न स्पष्टपणे विचारावाच लागेल.

आता त्या पत्राविषयी. मुदत कायदा १९६३ नुसार साध्या पैशाच्या वसुलीसाठी तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. स्थावर मालमत्तेच्या गहाणावरून वसुलीची मुदत बारा वर्षांची आहे. गोव्यात यावर फार काळ घोळ होता, कारण पोर्तुगीज नागरी संहितेच्या ५३५ व्या कलमात वीस आणि तीस वर्षांच्या मुदती आहेत आणि आपल्याकडे त्याच लागू पडतात, असे बरीच वर्षे मानले गेले. गोव्यातील एका बँकेच्या वसुलीच्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न निकालात काढला आणि करारावर आधारलेल्या अशा कर्जांना मुदत कायदाच लागू असल्याचे सांगितले. जुन्या लोकांकडून आपण तीस वर्षांचा हिशेब ऐकला असेल, तर तो आता धरू नये.

कर्ज मुदतबाह्य झाले की कोर्टात जाऊन वसूल करण्याचा मार्ग बंद होतो, पण देणे मुळातून नाहीसे होत नाही. करार कायदा १८७२ च्या कलम २५ मध्ये अशी तरतूद आहे की, मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे वचन कोणी लेखी देऊन त्यावर सही केली, तर ते वचन हा नवा आणि बंधनकारक करार ठरतो. आपले पत्र नेमके तेच करू पाहते, आणि तेही रक्कम न लिहिता ‘व्याजासह’ या शब्दाने. भरलेले ३,४०० रुपये सगळे मुद्दलात जमा झाले असे धरले, तरी ४,६०० रुपये उरतात. उदाहरणादाखल दसादशे दहा टक्के दर घेऊ. चौतीस वर्षांचे सरळव्याज १५,६४० रुपये होते, म्हणजे मुद्दलासह २०,२४० रुपये. तेच व्याज दरवर्षी मुद्दलात मिळवत गेल्यास एकूण रक्कम १,१७,५०० रुपयांच्या घरात जाते. यांतला कोणता आकडा आपण कबूल करीत आहोत, हे त्या पत्रातून कळत नाही. आईच्या इच्छेचा मान राखण्यासाठी एवढा मोघमपणा पत्करण्याची गरज नाही. वारसाची जबाबदारी वडिलांकडून त्याच्या वाट्याला जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच असते. आपण स्वतःच्या नावाने वचन दिले की ती मर्यादाही आपणच ओलांडलेली असते.

त्याऐवजी विलीनीकरणानंतरच्या बँकेच्या शाखा व्यवस्थापकांना विचारणा करणारे पत्र द्यावे आणि त्याची प्रत विभागीय कार्यालयाला पाठवावी. निर्लेखित खात्यांची यादी वसुली विभागाकडे असते, शाखेच्या पटलावर नसते. म्हणून विभागीय कार्यालयाचा आग्रह धरतो. पत्रात वडिलांचे पूर्ण नाव, त्या वेळचा पत्ता, जुन्या शाखेचे नाव, मंजुरीची तारीख, रक्कम आणि जामीनदारांची नावे लिहावीत. सोबत मंजुरीपत्र, पावत्या, मृत्यूचा दाखला आणि आपण वारस असल्याचा पुरावा यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ पावत्या कोणालाही देऊ नयेत. विचारायचे ते असे : हे खाते माफ झाले, बंद झाले, निर्लेखित झाले की मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बँकांची थकीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीला) विकले गेले, काही येणे असल्यास तडजोडीने किती रक्कम स्वीकारली जाईल, आणि बँकेकडे आमचे कोणतेही कागद आहेत काय. शेवटी ‘ही केवळ विचारणा असून यात कोणत्याही देण्याची कबुली किंवा फेडीचे वचन नाही’ हे वाक्य न विसरता घालावे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. शिक्का देण्याची टाळाटाळ झाली, तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. बँक सरकारी क्षेत्रातील असल्याने दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारातही अर्ज करता येईल. खातेदाराची माहिती त्रयस्थाला मिळत नाही, म्हणून वारसाचा पुरावा तेथेही जोडावाच.

जमिनीचा शोध मात्र बँकेच्या उत्तराची वाट न पाहता आजच सुरू करावा. प्रथम फॉर्म एक व चौदा (जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा) काढून ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा आहे का ते पाहावे. मग डिचोलीच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयातून १९८७ पासूनचे बोजा नसल्याचे प्रमाणपत्र मागावे. दोन्हीकडे काहीच नसले, तरी भावाची आठवण खरी असू शकते, कारण केवळ मालकीचे कागद बँकेत ठेवून केलेल्या गहाणाची नोंद त्या काळी कोठेही नसण्याची शक्यता असते. कागद खरोखरच बँकेत असतील, तर मुदतीचा मुद्दा आपल्या फारसा उपयोगी नाही. ते सोडवण्यासाठी हिशेब मिटवणेच सोयीचे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर (आपल्या शेतीकर्जाला तो लागू आहे का, हे बँकेला विचारावे) तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद गहाळ झाले असतील तर त्यांच्या प्रमाणित प्रती मिळवून देण्यात मदत करून तो खर्च बँकेनेच सोसायचा असतो, मात्र त्यासाठी तिला आणखी तीस दिवस मिळतात.

बँकेने आकडा कळवला, तर तो तडजोडीचा आहे आणि त्यानंतर काहीही बाकी राहणार नाही, असे आधी लेखी घ्यावे आणि मगच बँकेच्या नावाने धनादेश द्यावा. भरताना ही रक्कम नेमक्या कोणत्या कर्जापोटी आहे, हे सोबतच्या पत्रात लिहावे. तसे सांगितलेले असले की बँकेला ती दुसरीकडे वळती करता येत नाही. ‘जुनी वसुली’ म्हणून फोन करून मोबाइलवरून पैसे मागणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नका.

आणि बँकेलाही काहीच सापडले नाही तर? मग ‘आमच्या अभिलेखानुसार या नावावर कोणतीही थकबाकी आढळत नाही’ असे पत्र मागावे. वाटणीसाठी इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची गोव्यातील न्यायालयीन प्रक्रिया) करताना मालमत्तेबरोबर देणीही दाखवावी लागतात, तेथे हाच कागद कामाला येईल. काही जण अशा वेळी मनाच्या समाधानासाठी हट्टाने रक्कम भरून येतात. खाते नसलेली रक्कम शाखेच्या किरकोळ ठेवींत पडून राहते आणि त्यातून कोणाचेही कर्ज फिटत नाही. आईंना ते थकबाकी नसल्याचे पत्र वाचून दाखवा. दोन जामीनदारांपैकी कोणी हयात असतील किंवा त्यांची मुले गावात असतील, तर एक प्रत त्यांनाही नेऊन द्या. १९९१ नंतर बँकेने त्यांच्याकडून हप्ते वसूल केले होते का, हे त्यांच्याकडूनच कळेल. तसे झाले असेल, तर बाबांचे देणे बँकेकडे नसून त्या घराकडे आहे.

प्रश्न : मी ज्या सहकारी बँकेचे कर्ज फेडत होते, तिचा परवाना रद्द झाला. माझी थोडी ठेवही तेथे होती. आता हप्ते बंद केले तर चालेल का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : चालणार नाही. परवाना रद्द झाल्याने बँकेचे व्यवहार थांबतात, पण तिची येणी संपत नाहीत; ती गोळा करण्यासाठीच अवसायक नेमलेला असतो. हप्ते त्यांच्या कार्यालयात भरून पावती घ्यावी. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत आहे, मात्र विम्याची रक्कम ठरवताना आपण बँकेला देणे असलेली रक्कम वजा केली जाते. तेव्हा ठेव कर्जात वळती झाली आहे का आणि झाली असल्यास नेमके किती शिल्लक राहिले, याचा उतारा अवसायकांकडून आधी मागून घ्यावा आणि पुढचा हप्ता त्या उताऱ्याप्रमाणे भरावा.