रेशनवरील मोफत धान्याचा गैरवापर होत असेल, तर ही योजना बंद करावी का?

माझ्या मते बंद करू नये. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो, तर अंत्योदय म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हातावर पोट असलेल्या घरात या धान्यामुळे वाचलेला पैसा तेल, डाळ, औषधे आणि मुलांच्या वह्या यांसाठी उपयोगी पडतो.

गैरवापर होतो, हे मी नाकारत नाही. मापात मारले जाते, सधन माणसेही शिधापत्रिका सोडत नाहीत आणि काही धान्य काळ्या बाजारात जाते. मात्र घरी आलेला तांदूळ एखाद्या गरजू बाईने विकून त्यातून मीठ-मिरची आणली, तर तिला आणि गोदामातून पोतीच्या पोती वळवणाऱ्याला एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर (धान्यवाटपाची नोंद करणाऱ्या यंत्रावर) ओळख पटवण्यासाठी अंगठा घेण्याच्या पद्धतीमुळे बनावट नोंदींना आळा बसतो. परंतु कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या वृद्धांचा ठसाच उमटत नाही, आणि खरा हक्कदार रिकामी पिशवी घेऊन परततो. ही चूक मला चोरीइतकीच गंभीर वाटते.