50 एचपीचा ट्रॅक्टर उसाच्या फडात जागेवर चाकं फिरवतो, शेजारचा 42 चा भरली ट्रॉली ओढून नेतो, असं का?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण नवा ट्रॅक्टर घेतल्यावर मी पण गावभर हेच विचारत फिरत होतो. इंजिन दमत नाही, नुसती मागची चाकं गरगर फिरतात म्हणताय ना, मग ताकद कमी पडतच नाहीये, पकड कमी पडतेय.

साधा हिशेब बघा. 50 एचपी लो फर्स्टला (सगळ्यात हळू गिअर) ताशी 3 किमी वेगानं लावली तर कागदावर साडेचार टनाची ओढ निघते, आणि ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन टनाच्या आसपास, त्यातलंही मागच्या चाकांवर येतं तेवढंच कामाचं. म्हणजे इंजिनची ताकद संपायच्या लई आधी टायर सुटतो. शेजाऱ्याच्या मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असणार, विचारून बघा.

आमची जमीन शिरोळकडची, काळी, परतीचा पाऊस झाला की वाफसा लवकर येत नाही, म्हणजे रान चालण्याजोगं सुकत नाही, आणि ऊसतोडीची टोळी तर दारात येऊन बसलेली. एकदा मी रेस वाढवत गेलो आणि चाकानं स्वतःचाच खड्डा खणला, पाचट टाकलं तरी उपयोग नाही. मग ओढून काढायला दुसऱ्या ट्रॅक्टरनं टोचन लावलं, घाईत मी साखळी त्याच्या टॉप लिंकच्या (अवजार जोडायचा वरचा दांडा) पिनला अडकवली आणि ओढ बसल्याबरोबर त्याची पुढची चाकं हातभर वर! वडील असे ओरडले की शेजारच्या फडातली माणसं पळत आली. ओढताना पुढचं वजन मागं सरकतं, थोडं सरकलेलं चांगलंच असतं, पण साखळी ॲक्सलच्या वर बांधली की ट्रॅक्टर मागं उलटतो. कायम खालच्या ड्रॉबारलाच (मागची ओढायची पट्टी) बांधा.

आता स्लिप, म्हणजे चाक घसरून किती वाया फिरतं ते मोजा, फुकटचं काम आहे. मागच्या टायरवर चुन्याची रेघ मारा, त्याच रानात रिकामा ट्रॅक्टर चाकाच्या 10 फेऱ्या चालवून अंतर मोजा, मग लोड लावून परत 10 फेऱ्या. माझं रिकामं 41 मीटर आणि लोडवर 33 भरलं, म्हणजे 8 मीटर वाया, जवळजवळ 20 टक्के. टायरमध्ये पाणी भरल्यावर 36 आलं, 12 टक्के. 10 ते 15 टक्क्यांच्या आत असेल तर काही करू नका. शून्य करायच्या नादात वजन वाढवत बसलात तर जमीन घट्ट होते, डिझेल आणि गिअरवर ताण वेगळा.

पुढं बंपरला वजनं टांगलीत म्हणताय, त्यानं पुढचं टोक दबून राहतं पण टू व्हील ड्राइव्हमध्ये (फक्त मागची चाकं ओढतात) मागचं वजन उलट थोडं कमीच होतं. रस्त्यासाठी हवा टाईट ठेवली असेल तर फडात टायर कमी टेकतो, तेही बघा.

पाणी भरताना चाक जॅकवर घ्या, वॉल्व्ह वर आणा, पाणी वॉल्व्हच्या पातळीला आलं की थांबा, साधारण पाऊण टायर भरतो, बाकी हवा. एका चाकात टायरच्या साइजप्रमाणं दीड-दोनशे लिटर बसतं. नंतर हवा चेक करतानाही वॉल्व्ह वरच्या बाजूला आणूनच करा, नाहीतर गेजात पाणी जातं, माझा एक असाच गेला.