इंग्लंडमधील शाळेची हजेरी आणि भारतवारी

सप्टेंबरात आपण सहकुटुंब इंग्लंडला येत आहात आणि डिसेंबरच्या आरंभी घरच्या लग्नासाठी सात वर्षांची मुलगी व चौदा वर्षांचा मुलगा यांना दहा दिवस भारतात नेता येईल का, असे आपण विचारले आहे. नेता येईल, परंतु शाळा परवानगी बहुधा नाकारेल आणि दंड भरावा लागेल, हे गृहीत धरूनच तिकिटे काढावीत.

आपल्याकडे वर्गशिक्षकांना चिठ्ठी दिली की गैरहजेरीचा विषय मिटतो. येथे शाळेत नाव असलेले मूल नियमित हजर राहते की नाही, याबद्दल 1996 च्या शिक्षण कायद्याने पालकांनाच उत्तरदायी धरले आहे. ‘नियमित’ म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये आइल ऑफ वाइटमधील एका पित्याच्या खटल्यात लावला. त्याच्या मुलीची हजेरी नव्वद टक्क्यांहून अधिक होती, तरीही सत्र चालू असताना विनापरवानगी घेतलेली सुट्टी क्षम्य ठरली नाही.

हजेरी सकाळी आणि दुपारी अशी दोनदा घेतात. ऑगस्ट 2024 पासूनच्या नियमांनुसार दहा शालेय आठवड्यांत अशा दहा हजेऱ्या, म्हणजे पाच दिवस, विनापरवानगी बुडाल्या की शाळेला दंडाचा विचार करावाच लागतो, आणि हजेरीपट बंद झाल्यावर उशिरा पोहोचणेही त्यात धरले जाते. दंड प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे वेगळा असतो: 21 दिवसांत भरल्यास 80 पौंड, त्यानंतर 28 दिवसांपर्यंत 160. आपल्या चौघांचा हिशेब किमान 320 पौंडांचा होतो. तीन वर्षांत त्याच मुलासाठी पुन्हा वेळ आली तर सवलत नाही, आणि तिसऱ्यांदा प्रकरण न्यायालयात जाऊ शकते.

रजा फक्त अपवादात्मक कारणासाठी, मुख्याध्यापकांकडे आधी अर्ज करून मिळते. स्वस्त तिकीट हे कारण नव्हे. जवळच्या लग्नाला एखादा दिवस काही मुख्याध्यापक देतात, तो मागून पाहावा. दिवाळीच्या मुख्य दिवसाची रजा धार्मिक कारणास्तव मिळू शकते, संपूर्ण सणाची नाही. मुहूर्त ठरायचा असेल तर नाताळच्या सुट्टीचा विचार करा असे सुचवले असते, पण ती सुट्टी नेमकी पौषाच्या आसपास येते, त्यामुळे घरची वडीलधारी मंडळी काय म्हणतील हे मी सांगायला नको.

मूल आजारी असल्याचे कळवून विमानात बसण्याचा सल्ला ओळखीचे लोक देतील. तो आम्ही एकदा मानला होता. परतल्यावर आमच्या मुलीने आजोळच्या विहिरीत पोहायला शिकल्याची हकिकत वर्गात रंगवून सांगितली आणि आम्ही कळवलेला ताप उघडा पडला. दंड भरून झाला, पण शाळेत पुढे तिच्या खऱ्या तापाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

मला अधिक काळजी आपल्या मुलाची वाटते. चौदाव्या वर्षी नव्या शाळेत एकटा पडलेला मुलगा घरातून निघून शाळेत न पोहोचणे अशक्य नाही, आणि तो आपल्याला न सांगता शाळा बुडवत असला तरी नोटीस आपल्याच नावाने येऊ शकते. गैरहजेरीचा संदेश शाळा बहुधा त्याच सकाळी पाठवते. म्हणून आई-वडील दोघांचेही फोन क्रमांक पहिल्याच दिवशी शाळेत नोंदवावेत. तो शाळेत जायला टाळाटाळ करू लागला, तर दिवस मोजत न बसता शाळेशी बोलावे, कारण अशा वेळी दंडाआधी मदत देऊ करणे शाळेकडून अपेक्षित असते.