एटीआर, केबीआर की ड्रिफ्ट्स? काय शिकू?

तू लिहितेस: एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बायोचारवर (काडीकचरा कमी हवेत तापवून केलेल्या कोळशावर) आहे. इन्फ्रारेड वर्णपट घ्यायला ७०० अंशांना तयार केलेला नमुना एटीआरच्या (स्फटिकाच्या आत किरण परावर्तित करून त्यावरचा नमुना मोजणाऱ्या पद्धतीच्या) हिऱ्यावर ठेवला, तर शिखरांऐवजी नुसती तिरकी रेघ आली. सर म्हणतात केबीआरची (नमुना मिसळलेल्या पोटॅशियम ब्रोमाइडची) गोळी कर, मैत्रीण म्हणते ड्रिफ्ट्स (भुकटीवरून विखुरलेला प्रकाश मोजण्याची पद्धत) शीक. नोकरीसाठी कोणतं तंत्र उपयोगी, हा तुझा प्रश्न.

आधी सांगते, तुझा हात चुकलेला नाही. तापमान वाढतं तसा बायोचारचा अपवर्तनांक वाढतो आणि हिऱ्याच्या २.४ ला भिडू लागतो. मग किरणांचं पूर्ण आंतरिक परावर्तन नीट होत नाही. जर्मेनियमचा अपवर्तनांक ४, त्यावर हेच नमुने बरे येतात. मात्र किरण आत कमी शिरतो, संकेत क्षीण होतो. शिवाय तो स्फटिक ठिसूळ असतो, म्हणून भुकटी अगदी बारीक कर आणि दाब बेताने दे.

केबीआरच्या गोळीत २०० मिलिग्रॅमला जेमतेम १ मिलिग्रॅम नमुना पुरतो. जास्त घातलास तर चकती काळीठिक्कर होते, प्रकाश पलीकडे जातच नाही. खरी फसगत ओलाव्याची: पाण्याचं १६३० सेमी⁻¹ जवळचं शिखर अरोमॅटिक (वलयांतल्या) कार्बनच्या १६०० च्या शिखरात मिसळतं. त्याच दिवशी कोऱ्या केबीआरची गोळीही मोजून ठेव. ड्रिफ्ट्समध्ये गोळी दाबायची नसते, पण कणांचा आकार बदलला की शिखरांचं रूप बदलतं. फोटोअकॉस्टिकला (शोषलेला प्रकाश ध्वनीरूपात मोजणाऱ्या पद्धतीला) काळा रंग अडचणीचा नाही, तिथे कार्बन ब्लॅक हाच संदर्भ नमुना असतो. ती सोय मात्र फार थोड्या प्रयोगशाळांत असते.

म्हणून एकच तंत्र निवडू नकोस. ३००, ५०० आणि ७०० अंशांचे नमुने एटीआर आणि केबीआर दोन्हींवर घे. साखळीतल्या कार्बन-हायड्रोजन बंधांचं २९२० चं शिखर कसं मावळतं आणि ७५० ते ८७० मध्ये, म्हणजे वलयांतल्या तशाच बंधांच्या जागी, काय उगवतं, ते शेजारी शेजारी ठेवून बघ. ८७५ आणि १४२० ला एकदम काही दिसलं तर राखेतल्या कार्बोनेटचा संशय घे, नमुना सौम्य आम्लाने धुऊन, वाळवून पुन्हा मोज. मुलाखतीत मला असं सांगणारी मुलगी उपकरणांच्या यादीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. सीएचएन (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचं) विश्लेषणही शिकून घे. बायोचारच्या प्रमाणीकरणात हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बनचं मोलर गुणोत्तर ०.७ च्या आत लागतं, आणि तो आकडा इन्फ्रारेडमधून थेट निघत नाही.

आणि ७०० अंशांचा नमुना केबीआरमध्येही जवळपास सपाटच आला, तर तो आलेख प्रबंधातून गाळू नकोस. इतक्या तापमानाला बहुतेक कार्यात्मक गट (शिखरं देणारे अणूंचे गट) उडून गेलेले असतात, तेच त्यात दिसतं आहे.