आमदार खासदार झाला की आमदारकीचं काय होते, जरा सविस्तर सांगतो

भाऊ, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या. एक म्हणजे आमदार असताना खासदारकी जिंकली तर दोन्ही पदं ठेवता येतात का, अन् दुसरी म्हणजे दोन जागी उभं राहायची परवानगी आहे तर मंग दोन जागी बसायची काहून नाही. मी विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातल्या (जिथं जमिनीतलं पाणीच खारं) एका ग्रामपंचायतीत तीन टर्म मेंबर होतो, निवडणुकीच्या कागदपत्रांत बरेच दिवस घातले, त्यामुळं जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो.

दोन्ही पदं ठेवता येत नाहीत. संविधानाचं कलम १०१ सांगते की एकच माणूस लोकसभेत अन् राज्यसभेत राहू शकत नाही, संसदेत अन् विधिमंडळातही राहू शकत नाही. विधानसभा अन् विधान परिषद यांचं हेच कलम १९० मध्ये आहे, म्हणून तर २०२४ ला बावनकुळे साहेब कामठीतून विधानसभेत गेले अन् त्यायची परिषदेची जागा सुटली. पण आमदार-खासदाराच्या बाबतीत गावात लोकं उलटं समजून बसले आहेत. त्यायले वाटते आमदारकी नाही सोडली तर आमदारकी आपोआप जाईन. तसं नाही. १९५० चे नियम आहेत, खासदार म्हणून गॅझेटमध्ये नाव आल्यापासून १४ दिवसांत आमदारकीचा राजीनामा नाही दिला तर खासदारकीच जाते! म्हणजे नवीन जिंकलेली जागा जाते, जुनी राहते. म्हणून निकाल लागला की पहिल्याच आठवड्यात राजीनाम्याची धावपळ दिसते.

आपल्या विदर्भात २०२४ च्या लोकसभेत हे दोन जागी झालं. वरोऱ्याच्या आमदार प्रतिभा धानोरकर चंद्रपूरच्या खासदार झाल्या अन् दर्यापूरचे आमदार बळवंत वानखडे अमरावतीचे खासदार झाले. दोघांनी आमदारकी सोडली, सोडावीच लागते, त्यात त्यायची चूक काहीच नाही. पण निकाल होता ४ जूनचा, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर, अन् विधानसभेचं मतदान झालं २० नोव्हेंबरला, म्हणजे सोयाबीन निघून गेलं, कापूस वेचणीला आला, अख्खा खरीप त्या दोन मतदारसंघांत आमदार नव्हता. पोटनिवडणूक काहून नाही झाली? तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १५१ ए आहे, जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या, पण उरलेली मुदत वर्षाच्या आत असली तर गरज नाही. अकोला पश्चिमचं तर तुम्हाले आठवत असन, तिथले आमदार गोवर्धन शर्मा नोव्हेंबर २०२३ मध्ये वारले, निवडणूक आयोगानं पोटनिवडणूक लावली बी, पण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२४ मध्ये ती रद्द केली कारण नव्या आमदाराले वर्षही भेटत नव्हतं. कायद्यानं सगळं बराबर आहे. पण ज्यायनं मत दिलं त्यायची खुर्ची रिकामीच ना.

आता दोन जागी उभं राहण्याचं. पहिले कितीही जागी उभं राहता येत होतं. १९५७ ला वाजपेयी तीन जागी उभे होते, १९८९ ला देवीलाल तीन जागी. आपल्या रामटेकचंच घ्या, १९८४ ला नरसिंह राव हनमकोंडा अन् रामटेक असे दोन्हीकडून लढले, हनमकोंड्यात पडले अन् रामटेकनं निवडून दिलं म्हणून लोकसभेत पोचले. १९९६ च्या दुरुस्तीनं ही मर्यादा दोन जागांवर आली, एका निवडणुकीत दोनच्या वर नाही. दोन्ही जिंकल्या तर १४ दिवसांत एक सोडायची, नाही सोडली तर दोन्ही जातात. २०१४ ला मोदींनी वडोदरा सोडलं, २०२४ ला राहुल गांधींनी वायनाड सोडलं, दोन्हीकडं परत मतदान घ्यावं लागलं. पक्ष कोणताही असो, सगळ्यायले ही सोय पाहिजे असते, म्हणून कोणी हात लावत नाही.

मले या सोयीचा राग आहे अन् त्याचं कारण माझ्या गावात आहे.

मी पहिल्यांदा मेंबर झालो त्या वर्षी आमच्यातला एक जण दोन वार्डांतून उभा राहिला अन् दोन्हीकडून आला. गुलाल उधळला, डीजे लावला, अन् मंग त्यानं नाल्याकडचा वार्ड सोडला. त्या वार्डात सगळी मजुरी करणारी घरं, एकच हापसी, तिचंही पाणी खारं, अन् टाकीची पाइपलाइन तिकडं न्यायची म्हणून त्यायनं याले मत दिलं होतं. मासिक सभेत पाइपलाइनचा विषय निघाला तर त्या वार्डाकडून बोलायले कोणी नाही. मी बोललो दोन-तीनदा, तर मले सांगितलं तुमचा वार्ड नाही, तुम्ही तुमच्या वार्डाचं पाहा. वर्षाच्या वर जागा तशीच राहिली, अन् शेवटी पोटनिवडणूक लागली तर लोकं मतदानालाच निघाले नाहीत. एक म्हातारी माय मले म्हणे, बापू, एकदा तं देल्लं ना मत त्याले, आता अजून कायचं मत मागून रायले? मले काही उत्तर देता आलं नाही. पाइपलाइन तिसऱ्या वर्षी पोचली.

म्हणून माझं म्हणणं हे आहे की दोन खुर्च्यांवर बसायची बंदी आहे ती चांगलीच आहे, पण ती निकालानंतर लागते अन् तिची किंमत जिंकणारा देत नाही, सुटलेल्या जागेचे मतदार देतात. परत निवडणूक म्हणजे परत आचारसंहिता, परत मास्तर लोकं बूथवर, अन् खर्च सरकारी तिजोरीतून. अडवायचं असन तर फॉर्म भरतानाच अडवलं पाहिजे, एक माणूस एक जागा. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. निवडणूक आयोगानं २००४ मध्ये हेच मागितलं होतं, अन् ते जमत नसन तर जागा सोडणाऱ्याकडून विधानसभेसाठी ५ लाख अन् लोकसभेसाठी १० लाख भरून घ्या म्हणून सांगितलं होतं. विधी आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात एकच जागा ठेवा असं लिहिलं. सुप्रीम कोर्टात याचिका गेली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळली, हे ठरवणं संसदेचं काम आहे म्हणून. अन् संसदेत बसले आहेत ते दोन जागी लढणारेच.

आमदारकी चालू असताना खासदारकी लढण्याचं थोडं वेगळं आहे, ते मी मानतो. माणसानं पुढं जाऊ नये असं कोणी म्हणू शकत नाही, सरपंचापासून वर चढत गेलेले लोकं आपल्याले पाहिजेतच. पण तिथंही वर्षाच्या आतली मुदत असली तर मतदारसंघ वाऱ्यावर सोडू नये, शेजारच्या आमदाराकडं किंवा परिषदेच्या एखाद्या सदस्याकडं लेखी जबाबदारी द्यावी, एवढं तरी कायद्यात यायले पाहिजे.

एक लक्षात ठेवा, संविधानातली ही बंदी संसद अन् विधिमंडळापुरती आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांचे कायदे वेगळे. मुंबई महापालिकेत नगरसेवक राहूनच आमदारकी करणारे होते. जिल्हा परिषदेबाबत मात्र महाराष्ट्रानं सुरुवातीलाच चांगलं केलं. बलवंतराय मेहता समितीनं १९५७ मध्ये आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत घ्या म्हटलं होतं, पण आपल्या पुसदचे वसंतराव नाईक यांच्या समितीनं १९६१ मध्ये त्यायले बाहेर ठेवा म्हटलं, अन् १ मे १९६२ ला आपल्या जिल्हा परिषदा तशाच सुरू झाल्या. मोठा माणूस येऊन बसला की गावचा मेंबर तोंड उघडत नाही, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

तुमच्या पांदण रस्त्याचं (शेतात जायच्या वाटेचं) काम आमदाराच्या पत्रावर अडलं असं लिहिलं ना, तर थांबून राहू नका. आमदार नसला तरी खासदार आहेत, विधान परिषदेचे सदस्य आहेत, पालकमंत्री आहेत, जिल्हा नियोजन समिती आहे. ग्रामसभेचा ठराव घ्या, त्याच्या चार प्रती काढा, चौघांकडं द्या अन् प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. पाऊस लागायच्या आत मोजणीचं पत्रही तहसीलमध्ये टाकून ठेवा, कारण काळ्या मातीत एकदा पाणी साचलं की मोजणीवाला दिवाळीपर्यंत तिकडं फिरकत नाही.