भाचा १२ वर्षांचा आहे, अजिबात दिसत नाही, त्याला ज्युदो झेपेल का?

हो, बिनधास्त घाला, कराटेपेक्षा ज्युदोच बरा पडेल त्याला. कारण साधं आहे, कराटेत समोरचा लांबून हात-पाय मारतो तो दिसावा लागतो, ज्युदोत सगळा खेळ पकडीवर. समोरच्याची कॉलर आणि बाही एकदा हातात आली की तो कुठे वजन टाकतोय, कधी ओढणारे हे कापडाच्या ताणावरूनच कळतं. पॅरालिम्पिकमधला ज्युदो तर फक्त दृष्टिहीन आणि कमी दिसणाऱ्यांसाठीच असतो, १९८८ पासून आहे (बायकांचा २००४ पासून), आणि नियमात मुख्य फरक एवढाच की दोघांनी आधी पकड घ्यायची मग लढत सुरू, मध्येच पकड सुटून दोघं लांब गेले की रेफ्री थांबवून परत पकड घ्यायला लावतो. आपल्या कपिल परमारने २०२४ ला पॅरिसमध्ये ६० किलोत ब्राँझ मिळवलं ना, ते यातच, ज्युदोतलं भारताचं पहिलं पॅरालिम्पिक मेडल.

फक्त एक, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, काचबिंदू किंवा पडद्याचा त्रास असेल तर आपटणं चालणार नाही. आणि क्लास बघताना सरांना विचारा:
- पहिले काही आठवडे नुसतं पडायलाच शिकवता का
- डाव करून दाखवताना त्याला हात लावून बघू देणार का, "असं कर" म्हणून लांबून दाखवलं तर त्याला काय कळणार

मॅटची कड पायाला जाणवली पाहिजे, भिंत लगेच शेजारी नको.